उंबरमाळच्या शीतपेटीची बखर

श्रीधन्वंतरी चरणी मस्तक ठेविले. त्यांचे खाली जे जे खुर्चीवर बसले त्यांचे चरणीही ठेविले, कारण पोट आहे. राज्यशके चौऱ्याहत्तर, उद्घाटननाम संवत्सरे, चैत्र वद्य पंचमी, बुधवार, या दिवशी मौजे कोंडवळ येथील आरोग्यठाण्यात जे वर्तले ते लिहोन पाठवावे, सेवेकरी मंडळींचे गौरवाची स्मरणिका छापावयाची आहे, मजकूर गोड असावा, ऐसी हुजुरांची आज्ञा जाहली. आज्ञा शिरसावंद्य. मजकूर मात्र जैसा घडला तैसा आहे. गोड लागला नाही तर साखर हुजुरांनी पदरची घालावी. लिहिणार आम्ही, ठाण्याचे कारकून. नाव लिहीत नाही. नाव लिहावे ऐसे आम्ही काही केले नाही, ते कसे हे शेवटास कळेल.

तत्पूर्वीचे वर्तमान ऐसे. कोंडवळचे ठाण्यास परिचारिका पाच मंजूर, पैकी हजर एक. चौघींच्या जागा कैक वर्षे रिकाम्या, आणि राजधानीस लिहावे तो उत्तर यावे की तजवीज चालू आहे. मग राज्यातील शहाण्यांनी मसलत केली आणि ठरविले की नोकर नेमू नये, सेवेकरी नेमावे. नोकर रजा मागतो, सेवेकरी उपरण्यावर खूष राहतो. मग दवंडी पिटली की जनहो, ठाण्यात येवोन सेवा करावी, पुण्य जोडावे, आणि पहिले दिवशी चाळीस असामी आली. प्रत्येकास पिवळे उपरणे दिले, गळ्यात ओळखपत्र घातले, ओळीने उभे केले आणि छबी काढिली. दुसरे बुधवारी अकरा आले. तिसरे बुधवारी चार आले, पैकी तिघांनी "आज फोटो आहे का?" म्हणोन पुसिले आणि नाही ऐकताच पाणी पिवोन घरी गेले. महिना सरला आणि एक राहिली. तिचे नाव सगुणाबाई लोहोकरे.

सगुणाबाई म्हणजे डोंगरावरील उंबरमाळच्या वस्तीशाळेत एकतीस वर्षे शिकवोन निवृत्त जाहलेल्या बाई. उंची बेताची, आवाज खणखणीत, पायी रबरी चपला, खांद्यास कापडी पिशवी, आणि पिशवीत पाण्याची बाटली व दोन खडू. खडू कशास, म्हणोन आम्ही एकदा पुसिले, तो बोलिल्या, "सवय हो, दुसरं काय!" मग त्याच खडूने त्यांनी ठाण्याच्या फरशीवर बाण काढिले, की ताप-खोकला इकडे, बाळंतीण तिकडे, लस समोर, आणि जे काम आमच्या तीन पाट्यांनी सहा वर्षांत केले नाही ते त्या बाणांनी एका सकाळी केले. म्हाताऱ्यांस हात धरोन आणीत, रडत्या पोरांस कडेवर घेत, नाव पुकारले की ऐकू न येणाऱ्याच्या कानाशी जावोन सांगत, आणि दुपारी भाकरी व ठेचा खावोन पुन्हा उभ्या राहत. आम्ही पगारी, आम्हास लाज वाटावी ऐसे काम. वाटली नाही, हे खरे लिहितो. उलट बरे वाटले, की आपले काम उरकते.

आता उंबरमाळचे वर्तमान. उंबरमाळ ठाण्यापासोन तीन कोस, चढाची वाट, घरे बावीस, आणि गोवराची लस न टोचलेली मुले सतरा. न टोचण्याचे कारण लोक अडाणी ऐसे आम्ही राजधानीस लिहीत असू. खरे कारण निराळे. दोन वर्षांमागे ठाण्याची मंडळी वर गेली होती, मुलांची नावे लिहिली, छबी काढिली, "पुढल्या बुधवारी लस घेऊन येतो" म्हणोन सांगितले आणि आली नाही. वस्तीने बुधवार पाहिला, त्यापुढला पाहिला, आणि मग गोवर आला. त्यात ठमाबाई असवले इचा थोरला मुलगा गेला. ठमाबाई सगुणाबाईंचीच विद्यार्थिनी, चौथीपर्यंत शिकलेली. पुढे तिला मुलगी जाहली, नाव सोनकी, आणि ती वर्षाची होत आली तरी ठमाबाई डोंगर उतरावयास तयार होईना.

मग सगुणाबाई वर गेल्या, आणि पुन्हा गेल्या, आणि पुन्हा गेल्या, ऐशा अकरा खेपा केल्या. साठी उलटलेली बाई, गुडघ्यास पट्टा बांधोन. अकरावे खेपेस ठमाबाई बोलिली, "बाई, तुमच्यावर माझा राग न्हाई. पन त्या ठान्यावर माझा इस्वास न्हाई. नावं लिवून नेत्यात आन इसरत्यात."

तेव्हा सगुणाबाई बोलिल्या, "ठमे, मी तुला चार वर्षं शिकवलं. कधी खोटं शिकवलं का?"

"न्हाई बाई."

"मग माझ्या शब्दावर ये. या बुधवारी ये. पहिला नंबर तुझ्या सोनकीचा, आणि मी स्वतः तिला धरीन."

ठमाबाईने सोनकीस कडेवर घेतले. मग "येते," म्हणाली, आणि ती येते म्हटल्यावर बाकीच्या सोळा घरांनीही येतो म्हटले. सगुणाबाई खाली येवोन आम्हास सांगू लागल्या तो चेहरा असा फुलला होता की जणू वर्गच्या वर्ग पास जाहला. वैद्यराज तेथेच होते. हे ठाण्याचे वैद्यराज तिशीचे आत, स्वभावे वाईट नव्हते, भित्रे होते. त्यांनी ते वर्तमान वर कळविले, आणि वर कळविले हीच चूक जाहली. कारण वर कळताच परगण्याचे श्रीमंत सरदार यांची मर्जी बसली की ऐशा शुभकार्यास आपण जातीने यावे, पहिली टोचणी आपले शुभहस्ते व्हावी, आणि लगे हात चाळीस सेवेकऱ्यांचा सत्कारही व्हावा.

मग बुधवार उजाडला. उंबरमाळची माणसे दिवस उगवायचे आधी निघाली आणि साडेसातास ठाण्यात पोहोचली, सतरा मुले, त्यांच्या आया, कोणाची आजी. सगुणाबाईंनी त्यांस चिंचेखाली बसविले, पाणी पाजिले आणि खडूने ओळ आखिली. अंगणात मांडव घालावयाचा होता, परंतु मांडववाल्याने खांब रोवोन कापड आणिले नाही, म्हणोन व्यासपीठ उघड्यावर. मधोमध श्रीमंतांची खुर्ची, तिजवर पांढरा टॉवेल, आणि खुर्चीचे डावे बाजूस मेजावर निळी शीतपेटी, जीत लस बर्फाच्या विटांमध्ये ठेवितात. पेटीस झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिले, झाकणावर स्वस्तिक काढिले. इतपत ठीक होते. आमच्याकडे नव्या नांगरासही पूजितात.

आठास खबर आली की श्रीमंतांची स्वारी वेशीपाशी आली. मग एकच धावपळ जाहली, आणि वैद्यराज परिचारिकेस बोलिले, "सिस्टर, लस कालवून ठेवा, सरदार आले की थांबायला नको." गोवराची लस म्हणजे बाटलीत पांढरी पूड, ती पाण्यात कालवावी लागते, आणि एकदा कालविली की बर्फात, सावलीत ठेवोन चार तासांत संपवावी, न संपली तर फेकोन द्यावी, हे ठाण्याच्या भिंतीवर लिहिले आहे. परिचारिका म्हणाली, "साहेब, ते आल्यावर कालवू ना." वैद्यराज बोलिले, "तेवढा वेळ ते देतील का?" मग तिने आलेल्या चारही बाटल्या कालविल्या आणि पेटीत ठेविल्या. तो छबीवाला आला आणि बोलिला, "पेटीत बाटल्या दिसत नाहीत, बर्फ आडवा येतो." मग बर्फाच्या विटा काढिल्या आणि बाटल्या मेजावर पेटीपुढे मांडिल्या, झेंडूची दोन फुले मधे ठेविली. आणि विटा वाया जावो नयेत म्हणोन त्या घमेल्यात घालोन त्यात श्रीमंतांच्या पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या ठेविल्या.

वेशीपाशी आलेली स्वारी ती दुसऱ्याच कोणाची. नऊ वाजले, साडेनऊ जाहले. श्रीमंत एका दुकानाची फीत कापीत आहेत ऐसे कळले. चैत्राचे ऊन चढो लागले आणि श्रीमंतांची खुर्ची तापो लागली. मग वैद्यराज आम्हास बोलिले, "खुर्चीवर छत्री धरा, नाहीतर सरदारांना चटका बसेल." ती छत्री मोठी, झालरीची, लग्नात नवऱ्यावर धरितात तैसी, या बखरीत तिजला अब्दागिरी म्हणू. आम्ही अब्दागिरी घेवोन रिकाम्या खुर्चीमागे उभे राहिलो.

सगुणाबाई एकदा आल्या आणि खालोन बोलिल्या, "डॉक्टरसाहेब, पोरांचे जीव कावलेत. आधी टोचून घेऊ, पाठवून देऊ, मग तुमचे हार-तुरे चालू द्या."

"बाई, पहिली टोचणी सरदारांच्या हस्ते आहे."

"मग दुसरीपासून सुरू करा, पहिली राखून ठेवा!"

मंडळी हसली. बाई हसल्या नाहीत. त्या व्यासपीठावर येवो लागल्या, तो सत्कार सुरू होत आहे, आपल्या ओळीत उभे राहावे, म्हणोन त्यांस परत फिरविले. मग वेळ काढावयासाठी सत्काराचा आरंभ जाहला. जे एकोणचाळीस सेवेकरी पहिल्या महिन्यातच निघोन गेले होते ते सर्व उपरणी इस्त्री करोन आले होते. एकेकास शाल, नारळ, टाळ्या, छबी. सगुणाबाईंचे नाव यादीत शेवटी, आणि त्यांची पाळी आली तो शाल संपली. कोणा पाहुण्यास दोन घातल्या होत्या. त्यांस नुसता नारळ दिला. तो त्यांनी खाली जावोन तेथेच फोडिला आणि खोबरे उंबरमाळच्या मुलांस वाटिले.

अकरा वाजता श्रीमंत आले, वाजत-गाजत, आणि टॉवेलावर बसले, आणि खुर्ची गार आहे पाहोन आम्हाकडे वळोन मान डोलाविली. आम्हास धन्य वाटले, हेही लिहितो. श्रीमंतांनी गार पाणी प्राशन केले आणि भाषण केले की आम्ही राजे नव्हे, आम्ही सेवक, आमच्यात आणि या चाळीस जणांत फरक तो काय. साडेअकराला भाषण संपले. कालविलेल्या लसीस साडेतीन तास जाहले होते. अर्धा तास बाकी होता, सतरा मुलांस अर्धा तास पुरता. मग ठमाबाईस वर बोलाविले, सोनकी कडेवर, डोळे मोठाले, पायात काळा दोरा. आणि ताट धरोन लसीची बाटली श्रीमंतांपुढे करावी हा मान सगुणाबाईंस दिला. त्यांनी बाटली उचलिली, आणि जागच्या जागी थबकल्या.

"डॉक्टरसाहेब," त्या हळू बोलिल्या, "बाटली गरम आहे."

वैद्यराज हसतमुखाने, ओठ न हलविता बोलिले, "बाई, आत्ता नको."

"अहो, गरम म्हणजे चहाच्या पेल्यासारखी गरम आहे! बर्फ कुठाय?"

बर्फ श्रीमंतांच्या पायाशी घमेल्यात होता. वैद्यराजांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. तरी बोलिले, "सतरा झाल्या म्हणून सकाळीच वर कळवलंय. सरदार समोर बसलेत. मी काय करू, तुम्हीच सांगा!"

"ही लस मी पोरांच्या अंगात जाऊ देणार नाही. बिघडली असेल तर नुसती वाया नाही जायची, पोर दगावेल." आणि बाईंनी चारही बाटल्या उचलिल्या आणि मेजाखालच्या कचऱ्याच्या बादलीत टाकिल्या.

श्रीमंतांनी पुसिले, "काय भानगड आहे?" वैद्यराज घाम पुसो लागले. छबीवाला ओरडला की ऊन डोक्यावर येते, लवकर करा. खाली चारशे माणसे, ढोलवाले, पाहुणे. तेव्हा सगुणाबाईंस त्या पोराची, म्हणजे वैद्यराजांची, कीव आली, आणि त्यांनी जन्मात एकच खोटे काम केले. बोलिल्या, "रिकामी सुई धरू द्या त्यांना. फोटो काढा आणि जाऊ द्या. मी या बायकांना पुढल्या बुधवारी परत आणते." मग श्रीमंतांनी टोपण न काढिलेली रिकामी सुई सोनकीच्या दंडापाशी धरिली, सोनकीने भोकाड पसरिले, श्रीमंत हसले, आणि छबी निघाली. छबी फार उत्तम आली.

स्वारी गेल्यावर सगुणाबाई चिंचेखाली गेल्या आणि सारे खरे ते सांगितले, की लस तापली, टोचली नाही, चूक आमची, पुढल्या बुधवारी या. एक म्हातारी बोलिली, "म्हंजी नावं लिवून घेतली आन फोटू काढला. दुसरं काय झालं?" ठमाबाई एवढेच बोलिली, "बाई, तुम्ही म्हनता तर येईन." आणि ते तीन कोस भर उन्हात परत चढोन गेले.

दुसरे दिवशी वरून पत्र आले की सगुणा लोहोकरे हिने राज्याची लस नासविली, सबब उपरणे व ओळखपत्र काढोन घ्यावे. ते काढोन घ्यावयास आम्हासच पाठविले. बाईंनी धुवोन, घडी घालोन दिले आणि पुसिले, "बुधवारची लस येतेय ना पण?" आम्ही होय म्हटले. ती आली नाही. कारण सतरापैकी सतरा ऐसे आमच्याच हाताने वर गेले होते, आणि ज्या गावी सारी मुले टोचली त्या गावास पुन्हा लस कशास? बुधवारी ठमाबाई सोनकीस घेवोन आली, एकटी आली, बाकीचे कोणी आले नाही. सगुणाबाई तिच्याबरोबर, उपरण्यावाचून, ओळीत उभ्या राहिल्या. खिडकीशी नवा सेवेकरी होता. त्याने वही पाहिली आणि बोलिला, "हिला तर दिलीय."

"दिलेली नाही," बाई बोलिल्या. "मी तिथे होते."

"अहो बाई, खुद्द सरदारांनी दिलीय! भिंतीवर फोटो आहे, बघा की."

भिंतीवर छबी होती, सोनेरी चौकटीत, श्रीमंतांकडोन भेट आलेली. सोनकी रडते आहे, श्रीमंत हसत आहेत, आणि मागे सगुणाबाई ताट धरोन उभ्या. बाईंनी ती पाहिली आणि भिंतीस हात टेकोन खाली बसल्या. मग उठल्या, वैद्यराजांकडे गेल्या, आणि वैद्यराज बोलिले, "मी लिहिलंय वर, बाई, खरंच लिहिलंय. पण सुई रिकामी होती असं कसं लिहू? सरदारांना खोटं पाडू?" मग बाईंनी स्वहस्ते राजधानीस अर्ज लिहिला, आणि दुसरा लिहिला, आणि तिसरा समक्ष नेवोन दिला. उत्तर आले की सोबत छायाचित्र जोडिले आहे, ते पाहावे.

मग वैशाखात उंबरमाळावर गोवर आला. नऊ मुलांस आला, आठ उठली. सोनकी सहाव्या दिवशी गेली.

सगुणाबाई कळताच वर गेल्या. आम्हीही मागोमाग गेलो, का गेलो ते ठाऊक नाही. ठमाबाई उंबऱ्यात बसली होती. बाईंस पाहोन उठली, जुन्या सवयीने, वर्गात उठत तैसी. बोलिली, "बाई, तुम्ही सांगितलं तवा आले. थांब म्हनला, थांबले. परत ये म्हनला, परत आले. मग माझं काय चुकलं?"

सगुणाबाईंनी एकतीस वर्षे पोरांच्या प्रश्नांस उत्तरे दिली होती. मग ठमाबाईनेच त्यांस धरोन बसविले आणि पाणी दिले. त्यानंतर आठवड्यात ठाण्याची मंडळी लस घेवोन उंबरमाळास गेली, चाळीस उपरणी बरोबर, आणि छबी निघाली. तीही स्मरणिकेत छापावी, ऐसी आज्ञा आहे. सगुणाबाई आता बुधवारी ठाण्यात येत नाहीत. फरशीवरले बाण पुसट जाहले आहेत, तरी लोक अजोन त्यांवरोनच चालतात. सोनकीची छबी भिंतीवर आहे, आणि दर बुधवारी तिजवरली धूळ पुसणे हे काम आम्हाकडे आहे.

एकूण सार इतके. कसूर श्रीमंतांची म्हणावी तर त्यांस लसीतले काय कळते. वैद्यराजांची म्हणावी तर ते भ्याले. बाईंची म्हणावी तर त्यांनी रिकामी सुई धरू दिली, आणि ते त्या मरेतो विसरणार नाहीत. आमचे नाव कोणी घेत नाही. हुजुरांनी गोड मजकूर मागितला म्हणोन आम्हीही आजवर घेतले नाही. परंतु त्या बुधवारी साडेनऊ वाजल्यापासोन अकरापर्यंत व्यासपीठावर सावली एकच होती, ती रिकाम्या खुर्चीवर होती, आणि धरणारे आम्ही होतो. लसीच्या बाटल्या तेथून दोन हातांच्या अंतरावर उन्हात चमकत होत्या, आणि भिंतीवरले लिहिणे आम्हास पाठ होते. अब्दागिरी दोन हात सरकवावयास हुकूम लागतो, ऐसे आम्हास वाटले.